दूध मशीन काढते, वीज कोण खाते?

"साहेब, मशीन विकायचं ठरवलंय. तुमच्या पाहण्यात कोणी गिऱ्हाईक असलं तर सांगा."

प्रवरेच्या काठच्या एका वस्तीवर गेलो होतो, तेव्हा दारातच हे ऐकायला मिळाले. नाव छापू नका म्हणाले, म्हणून आपण त्यांना तात्या म्हणू. गोठ्यात दहा दुभत्या संकरित गाई. दोन बादल्यांचे दूध काढण्याचे मशीन, त्याला एक हॉर्सपॉवरची मोटार. मशीन घेऊन वर्षही झाले नव्हते, कर्जाचे हप्ते चालू होते. आणि विकायचे कारण काय, तर लाईट बिल. मशीन आल्यापासून महिन्याला सव्वादोनशे युनिट जास्त पडत होते.

आमचे बोलणे चालू असताना काकू गव्हाणीत वैरण टाकत होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "विका खुशाल. पण उद्यापासून धारा तुम्ही काढा."

तीस वर्षे हाताने धारा काढून काकूंची बोटे आखडली आहेत. सकाळी उठल्यावर मूठ मिटत नाही. मशीन घेतले ते त्यांच्यासाठीच. गडी मिळत नाही, मिळाला तर टिकत नाही, सुनेला अंगणवाडीत नोकरी. म्हणजे मशीन गेले की पाठोपाठ चार-पाच गाईही जाणार, हे तात्यांनाही कळत होते. म्हणूनच चेहरा उतरलेला होता.

शेतकरी बंधू-भगिनींनो, दुधाचा भाव आपल्या हातात नाही. २०२४ मध्ये गाईच्या दुधाचे भाव कोसळले आणि सरकारला लिटरमागे पाच रुपये अनुदान द्यावे लागले, ते आपण सर्वांनी पाहिले. पेंडीचा भावही आपल्या हातात नाही. गोठ्यात जळणारे युनिट मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात आहेत. मी काही पशुवैद्य नाही की इलेक्ट्रिशियन नाही. कृषी पदविका घेऊन विस्ताराच्या कामाला लागलेला माणूस. पण गोठ्या-गोठ्यावर फिरून जे दिसले आणि मीटरवर जे मोजून पाहिले, ते लिहितो.

आधी मीटरजवळ बसा

तात्यांना मी म्हटले, "विकायचं नंतर बघू. आज संध्याकाळची धार माझ्यासमोर काढा, आणि घरातलं बाकी सगळं बंद ठेवा."

आपल्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो. तो किती वेळा लुकलुकला म्हणजे एक युनिट होते, ते मीटरवरच छापलेले असते. बऱ्याच मीटरवर ३२०० हा आकडा आढळतो, काहींवर १६०० असतो. फक्त दूध मशीन चालू ठेवून एक मिनिटभर दिवा मोजायचा. तात्यांच्याकडे मिनिटाला ६४ वेळा लुकलुकला. ६४ ला ६० ने गुणले की तासाचे ३८४०, त्याला ३२०० ने भागले की १.२. म्हणजे मशीन तासाला सव्वा युनिटपेक्षा थोडी कमी वीज घेत होते. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॉट हे खरे, पण ते मोटारीच्या दांड्यावर मिळणारे बळ. लहान मोटार तेवढे बळ द्यायला एक हजार वॉटच्या आसपास किंवा जास्तच ओढते.

तासाला १.२ युनिट, यात मशीनचा फारसा दोष नाही. दोष वेळेत होता. दहा गाई, दोन बादल्या, म्हणजे पाच फेऱ्या. एका गाईला सहा-सात मिनिटे धरली आणि बादली रिकामी करायला, पुढच्या गाईला लावायला वेळ धरला, तरी तासाभरात काम उरकायला हवे. तात्यांचे मशीन सकाळी एक तास पन्नास मिनिटे आणि संध्याकाळी तितकेच चालायचे. दिवसाला ४.४ युनिट, महिन्याला १३२. काम तासाभराचे आणि मोटार चालते जवळजवळ दुप्पट वेळ. मग वेळ जातो कुठे?

हवा कुठून शिरते?

मशीन चालू असताना गेजचा काटा दहा इंचांवर थरथरत होता. बादलीच्या मशीनला गाईसाठी तेरा ते पंधरा इंच, म्हणजे ४४ ते ५० किलोपास्कल निर्वात दाब साधारण लागतो. म्हशीचे सड कडक, तिला थोडा जास्त लागतो. आपल्या मशीनच्या पुस्तिकेत कंपनीने आकडा दिलेला असतो, तो पाहून घ्यावा. दाब कमी पडला की दूध सावकाश येते, कप घसरून खाली पडतात, पडताना भसकन हवा शिरते आणि दाब आणखी कमी होतो. तात्या कप उचलून परत लावत होते. गाय लाथा झाडत होती.

मी एकेका कपाचे तोंड बूच घालून बंद करायला सांगितले आणि मोटार चालू ठेवली. आता हवा आत यायला वाटच नको. अशा वेळी दाबाचा रेग्युलेटर सूं-सूं आवाज करत जादा हवा आत घेताना ऐकू यायला पाहिजे. तात्यांचा रेग्युलेटर अगदी गप्प, आणि काटा तेरापर्यंतही चढेना. याचा अर्थ एकतर पंप झिजला आहे, नाहीतर हवा दुसरीकडून कुठून तरी आत शिरते आहे.

गळती शोधायला फार मोठे साहित्य लागत नाही. देवघरातली उदबत्ती आणली. पाण्याचा पाईप फुटला तर पाणी बाहेर दिसते. इथे उलटे, हवा आत ओढली जाते, डोळ्यांना काही दिसत नाही. उदबत्तीचा धूर मात्र गळतीकडे ओढला जातो. सांधा न् सांधा, नळी न् नळी फिरवली. एका बादलीच्या झाकणाची रबरी रिंग चिरलेली होती, तिथे धूर सरळ आत गेला. लांब नळीला उंदराने कुरतडले होते. दोन लायनरना बारीक भेगा होत्या.

लायनरचे तर विचारूच नका. सडाला बसणारे हे रबर साधारण २५०० धारांनंतर किंवा सहा महिन्यांनी, जे आधी होईल तेव्हा, बदलायचे असते. तात्यांच्या हिशेबाने बघा: एका बादलीवर पाच गाई, दोन वेळा, म्हणजे दिवसाला दहा धारा. २५०० धारा व्हायला आठ-साडेआठ महिने लागतील, पण रबर त्याआधी सहा महिन्यांतच थकते. दुधाचा स्निग्धांश रबरात मुरतो, ते फुगते, ढिले पडते, आतून खरबरीत होते. तात्यांनी एकदाही बदलले नव्हते. "फाटलं नाही तर बदलायचं कशाला?" हा प्रश्न मला दहा ठिकाणी विचारला जातो. फाटेपर्यंत थांबलात तर तोपर्यंत विजेचे पैसे जातात ते वेगळे, आणि खरबरीत रबरात जंतू बसून कासदाह, म्हणजे आपली दगडी, झाली तर एका सडाचा खर्च पुढच्या कित्येक लायनरच्या पैशाहून जास्त होतो.

पल्सेटर पाहिला. मिनिटाला साठच्या आसपास टकटक व्हायला पाहिजे, हे घड्याळ लावून मोजता येते. तात्यांचा चव्वेचाळीसवर होता. उघडला तर हवेच्या भोकात कुंभारीण माशीने मातीचे घर केलेले. हसू आले, पण अशी घरे मी इतर गोठ्यांतही पाहिली आहेत. रेग्युलेटर आणि पल्सेटर यांची हवेची जाळी आठवड्याला कोरड्या ब्रशने साफ करावी, एवढेच.

पंपाचा पट्टा ढिला होता, तो ताणून घेतला. मध्यावर अंगठ्याने दाबला की अर्धा इंचभर दबावा, त्याहून जास्त नको. फार ताणला तर बेअरिंग जाते. पंपाच्या तेलाची बाटली रिकामी होती. तेलावर चालणाऱ्या पंपात तेल नसले की आतल्या पात्या झिजतात आणि एकदा झिजल्या की पंप कितीही फिरला तरी दाब धरत नाही. हे दुरुस्तीला महाग पडते, म्हणून रोज सुरू करण्याआधी तेल बघायची सवय पाहिजे.

एक गोष्ट मात्र कोणी करू नये. दाब कमी पडतो म्हणून, किंवा काम लवकर उरकावे म्हणून, रेग्युलेटर आवळून दाब पुस्तिकेतल्या आकड्यापेक्षा वर नेणारे लोक मी पाहिले आहेत. दूध थोडे लवकर येते खरे, पण सडाचे टोक सुजते, बाहेर आल्यासारखे दिसते आणि दगडीला दार उघडे होते. वीज वाचवायची म्हणून गाय खराब करायची नाही.

गाय पान्हावण्याआधी मशीन नको

दुसरा वेळ जात होता तो पान्ह्यात. तात्या आधी मोटार चालू करायचे, मग गायी धुवायचे, मग पेंड आणायला जायचे. मोटार आपली चालूच. कप लावले तरी गाय पान्हावलेली नसायची, सडात असलेले दूध येऊन गेले की दोन मिनिटे कोरडेच.

सड स्वच्छ पुसून, पहिल्या तीन-चार धारा काळ्या कपड्यावर किंवा वाटीत काढून पाहिल्या, थोडे चोळले, की मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटते आणि मिनिट-दीड मिनिटात गाय पान्हावते. त्याचा जोर पाच-सात मिनिटे राहतो. तेवढ्यात दूध काढून झाले पाहिजे. म्हशीला पान्हा सोडायला जास्त वेळ लागतो, तिच्याशी घाई चालत नाही. म्हणून क्रम असा ठेवा: पेंड, बादल्या, फडकी आधी तयार. पहिल्या दोन गाईंचे सड पुसून चोळून झाले की मगच मोटारीचे बटण. कप लावलेले असताना पुढच्या दोन गाई तयार करायच्या. दूध थांबले की आधी निर्वात बंद करायचा, मगच कप काढायचे. कोरडे चालवत ठेवल्याने दूध वाढत नाही, सड मात्र दुखावतात. पाण्याची काटकसरही होते, कारण पूर्ण कास धुवायची नाही, फक्त सड. ओली कास असली की घाणेरडे पाणी ओघळून कपात जाते.

पान्ह्यासाठी इंजेक्शन टोचणाऱ्यांना काय सांगावे! पशुवैद्यकाच्या सल्ल्याशिवाय ते टोचायचे नाही, हे आता सगळ्यांना माहीत आहे, तरी काही ठिकाणी चालतेच.

गाय अंग चोरते, मशीन लावले की नाचते, दूध सोडत नाही, असे होत असेल तर एकदा अर्थिंगही तपासा. ओल्या गोठ्यात लोखंडी पाईपला किंचित करंट उतरला तरी गाईला तो जाणवतो. माणसाला पायात चपला असल्यामुळे पत्ताही लागत नाही. तात्यांच्या गोठ्याला अर्थिंग नव्हतेच. घरापासून गोठा दोनशे फुटांवर, आणि तिथपर्यंत एक चौरस मिलिमीटरची बारीक तार ओढलेली. हिशेब केला तर एवढ्या लांब बारीक तारेत चौदाएक व्होल्ट वाटेतच जातात आणि मशीन चालू असेपर्यंत ऐंशी-नव्वद वॉट नुसते तार तापवण्यात खर्च होतात. संध्याकाळी आधीच व्होल्टेज कमी, त्यात ही भर, म्हणून मोटार चटका बसेल इतकी तापायची. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घातली, अर्थिंग केले, आणि झटका बसल्यास वीज तोडणारा ब्रेकर बसवला. हे काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या. गोठ्यात विजेचा खेळ नको.

खरा खादाड निघाला हीटर

आता गंमत ऐका. सव्वादोनशे युनिटपैकी मशीनचे १३२. बाकीचे नव्वद कुठले? तात्या म्हणाले, "दुसरं काही नवीन घेतलंच नाही."

मीटरजवळ बसलेलो असतानाच दिव्याने एकदम लुकलुकायचा वेग वाढवला. मी आत बघितले. काकूंनी मशीन धुण्यासाठी पाण्यात हीटर सोडला होता. दीड हजार वॉटचा. मिनिटाला ८० वेळा दिवा, म्हणजे तासाला दीड युनिट. मोटारीपेक्षा जास्त! सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास, दिवसाला तीन युनिट, महिन्याला नव्वद. मशीनबरोबरच हा हीटर घरात आला होता, पण त्याच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. शिव्या खात होते ते मशीन.

पाणी तापवायला वीज किती लागते याचा हिशेब सोपा आहे. पंचवीस लिटर पाणी २५ अंशांवरून ७० अंशांवर न्यायचे तर १.३ युनिट लागतात. यात कोणत्याही कंपनीचा हीटर आणला तरी फरक पडत नाही. म्हणून इथे दोनच मार्ग: गरम पाणी कमी वापरा, आणि ते विजेशिवाय तापवा.

काकू पंचवीस लिटर पाणी तापवून सगळे धुणे त्यातच करायच्या. खरे तर मशीनला तीन पाणी लागतात. पहिले पाणी दूध काढून झाल्याबरोबर, साधे किंवा कोमट. हे कढत असूच नये, कारण कढत पाण्याने दुधातली प्रथिने रबराला आणि भांड्याला चिकटून बसतात. दुसरे पाणी धुण्याच्या पावडरचे, ते मात्र ७० अंशांच्या आसपास सुरू करावे, आणि ब्रशने घासून होईपर्यंत ४० च्या खाली जाऊ देऊ नये. तिसरे पुन्हा साधे स्वच्छ. आठवड्यातून एकदा आम्लाचे धुणे, म्हणजे दुधाचे खडे साचत नाहीत. दोन बादल्यांच्या मशीनला दुसऱ्या पाण्याचे दहा-बारा लिटर भरपूर होतात. निम्मी वीज इथेच वाचली. काटकसर करायची म्हणून गार पाण्याने मात्र धुऊ नका. दुधाची प्रत गेली, दूध नासून परत आले, तर महिन्याची बचत एका सकाळी जाते.

आणि विजेशिवाय तापवायला तात्यांच्या दारातच साधन पडून होते. गोबरगॅस! सिलिंडर आल्यापासून चार वर्षे बंद. दहा गाईंचे शेण रोज खड्ड्यात जात होते आणि शेजारी गोबरगॅसच्या टाकीवर गवत उगवले होते. साधारण २५ किलो शेणापासून एक घनमीटर गॅस मिळतो. पंचवीस लिटर पाणी ७० अंशांपर्यंत तापवायला अर्धा घनमीटरही गॅस लागत नाही. म्हणजे दोन घनमीटरचा संच असला तरी दोन्ही वेळचे पाणी तापून स्वयंपाकालाही गॅस उरतो. टाकी साफ करून, नवीन शेणकाला भरून, गॅस धरायला तात्यांना महिनाभर लागला. तोपर्यंत काकूंनी माळ्यावरचा तांब्याचा बंब खाली काढला. पऱ्हाटी आणि तुरीच्या काड्यांवर पाणी तापायला लागले.

एक सूचना काळजीपूर्वक वाचा. बंद पडलेल्या गोबरगॅसच्या टाकीत माणसाने उतरू नये. आतल्या वायूने क्षणात शुद्ध हरपते आणि वाचवायला गेलेला दुसराही जातो. जाणत्या माणसाकडून बाहेरूनच उपसून घ्यावी.

ज्यांच्याकडे गोबरगॅस नाही, त्यांनी सौर बंब पाहावा. शंभर लिटरचा सौर बंब उन्हाच्या दिवसांत ६० अंशांच्या आसपास पाणी देतो, वरचे दहा अंश चुलीवर चढवता येतात. पावसाळ्यात त्याच्या भरवशावर राहू नका.

मोठ्या गोठ्यांसाठी थोडे वेगळे

तीस-चाळीस गाई, पाईपलाईनचे मशीन, तीन किंवा पाच हॉर्सपॉवरचा पंप, अशा गोठ्यांवर आणखी एक गळती असते आणि ती मशीनच्या घडणीतच आहे. कप पडले, हवा शिरली तर दाब टिकावा म्हणून पंप गरजेपेक्षा मोठा दिलेला असतो. तो सतत पूर्ण वेगाने हवा ओढतो, आणि जादा झालेली ओढ मोडायला रेग्युलेटर बाहेरची हवा आत सोडतो. एका हाताने विहिरीतून पाणी शेंदायचे आणि दुसऱ्या हाताने परत विहिरीत ओतायचे, तसला प्रकार. यावर उपाय म्हणजे मोटारीचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त करणारे यंत्र, ज्याला बाजारात व्हीएफडी किंवा नुसतेच ड्राईव्ह म्हणतात. दाब मोजणारा सेन्सर त्याला सांगतो, तेवढाच पंप फिरतो. परदेशातल्या डेअऱ्यांत ते १९९० च्या दशकापासून वापरात आहे आणि पंपाची निम्मी वीज सहज वाचते.

हिशेब करा. तीन हॉर्सपॉवरचा पंप तासाला अडीच-पावणेतीन युनिट घेतो. दिवसाला सहा तास चालला तर सोळा युनिट. निम्मे वाचले तर महिन्याला २४० युनिट. अशा ठिकाणी ड्राईव्हचे पैसे निघतात. तात्यांसारख्या एक हॉर्सपॉवरच्या, दोन तास चालणाऱ्या मशीनला ते बसवायला कोणी सांगत असेल तर ऐकू नका. पैसे फिटणार नाहीत. तसेच तेलाच्या पातीचा पंप ठरावीक वेगाखाली चालवला तर पाती नीट दाबून बसत नाहीत, म्हणून किमान वेग किती ठेवायचा ते पंपाच्या माहीतगाराला विचारूनच ठरवा.

इथे मला माझी एक चूक कबूल केली पाहिजे. नोकरीच्या सुरुवातीला एका तरुणाला मी सल्ला दिला, "पुढं गाई वाढवणारच आहेस, तर आत्ताच मोठा पंप घे." विक्रेताही तेच म्हणत होता. त्याने घेतला. गाई आठच्या आठच राहिल्या आणि मोठा पंप कित्येक वर्षे रिकामी हवा ओढत बसला. तो पोरगा भेटला की अजूनही म्हणतो, "साहेब, तुमचा पंप जोरात आहे!" तेव्हापासून आहेत त्या गाई मोजूनच मशीन सुचवतो. शिवाय सुट्या भागांचे दुकान तालुक्याला आहे का, हे आधी विचारतो.

संस्थेचे सचिव आणि सरपंचांनी पाहावे असे

गावात बल्क कूलर असेल तर सगळ्यात जास्त वीज तिथे जाते. संकलनाला येईपर्यंत दूध ३२-३३ अंशांवर असते, ते ४ अंशांवर न्यायचे. रोजचे दोन हजार लिटर दूध असेल तर चांगल्या स्थितीतला कूलर पंचवीस-तीस युनिट घेतो. पण स्थिती चांगली कुठे असते? कॉम्प्रेसरच्या जाळीवर भुसा, कोळ्याची जाळी, धूळ. काही ठिकाणी तर खोलीची एकुलती एक खिडकी बंद करून तिला पाठ लावून मशीन ठेवलेले. जाळीतून उष्णता बाहेर पडली नाही की कॉम्प्रेसर तासन् तास चालतो. पंधरा दिवसांनी जाळी ब्रशने झाडायची, मागे वारा खेळता ठेवायचा, पत्र्यावर सावली करायची. याला ठराव लागत नाही, अनुदान लागत नाही.

दुसरे म्हणजे, कूलरमध्ये जाण्याआधी दूध प्लेट कूलरमधून विहिरीच्या पाण्यावर गार करता येते. २५ अंशांचे पाणी असेल तर दूध २७-२८ वर येते, कूलरचे पाचवा-सहावा हिस्सा काम कमी होते. कोमट झालेले पाणी जनावरांच्या हौदात सोडावे, वाया घालवू नये.

सौर पॅनेलबद्दल बरेच जण विचारतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घराच्या छतावर एक किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार, आणि तीन किंवा त्याहून जास्तला ७८ हजार रुपये अनुदान ठेवले. ते घरगुती जोडणीसाठी आहे. पण एक समजून घ्या: आपली धार पहाटे पाचला आणि संध्याकाळी. तेव्हा ऊन नसते. दिवसा तयार झालेली वीज महावितरणच्या खात्यावर जमा होते आणि बिलातून वजा होते, असा तो व्यवहार आहे. आणि बॅटरी नसलेले हे पॅनेल लाईट गेली की स्वतःही बंद पडते. म्हणजे भारनियमनावर तो उपाय नव्हे. त्यासाठी मशीनला जोडता येणारे पेट्रोल इंजिन किंवा हाताने चालणारा पंप जवळ असू द्यावा, आणि लाईट गेल्याबरोबर आधी कप काढून घ्यावेत.

तात्यांचे पुढे काय झाले ते सांगतो. लायनर, रिंग, नळी, तार, अर्थिंग असा खर्च झाला. दोन महिन्यांनी बिल पाहिले. मशीन आता दोन्ही वेळ मिळून दोन तास चालते, महिन्याला ७२ युनिट. हीटरचे नव्वद गेले. म्हणजे दीडशे युनिट कमी. घरगुती मीटरवर वरच्या टप्प्याचे युनिट महाग असतात आणि बचत नेमकी त्याच टप्प्यातून होते. हिशेबाला दहा रुपये युनिट धरला तरी दीड हजार रुपये, म्हणजे तीस रुपये भावाने पन्नास लिटर दूध. गोठ्यासाठी कोणत्या वर्गाची जोडणी लागते, ते आपापल्या वीज कार्यालयात एकदा विचारून घ्या. तात्यांनीही अर्ज दिला आहे.

मी निघताना काकू मोटारीचे बटण दाबत होत्या. तात्या पुढच्या गाईचे सड पुसत बसले होते. मशीन विकायचा विषय निघाला नाही, मीही काढला नाही. ज्यांच्या गोठ्यात मशीन आहे त्यांनी या आठवड्यात एकदा गेजचा काटा, पल्सेटरची टकटक आणि मीटरचा दिवा मोजून कागदावर लिहून ठेवा, आणि बाजारच्या दिवशी पंचायत समितीत येताना तो कागद आणि मागच्या तीन महिन्यांची बिले बरोबर आणा.